चिंच-मिठाने घासू नका

बडोद्याहून एका बावीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. घर दांडिया बाजारातलं, खापरपणजोबा गायकवाडी नोकरीसाठी देशावरून इथे आले तेव्हापासूनचं. यंदा तिचं रसायनशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण झालं. वडील एका रासायनिक कारखान्यात आहेत. मुलीने एम.एस्सी. करून औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागावं, असं त्यांना वाटतं. तिला मात्र म्युझियममध्ये काम करायचं आहे. ती विचारते, "तीन वर्षं रसायनशास्त्रात फुकट गेल्यावर आता म्युझिऑलॉजीच्या, म्हणजे संग्रहालयशास्त्राच्या, एम.ए.ला जाऊ का? गेलेच तर बडोद्यातच शिकू, नोएडाला जाऊ, की कर्ज काढून इंग्लंडला? तिकडच्या पदवीला इथे जास्त भाव असतो म्हणतात. आणि क्युरेटर व्हायला साधारण किती वर्षं लागतात?" पत्राच्या शेवटी तिने सहज म्हणून लिहिलंय, "दिवाळीत आजीच्या पेटीतलं जुनं पंचपात्र घासायला काढलं. तळाला फिकट हिरवी भुकटी होती. मी म्हटलं, याला चिंच-मिठाने घासू नका. सगळे हसले. बाबा म्हणाले, हेच शिकायला एम.ए. करायचंय का तुला?"

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळींवर अडले. तुझे मोठे प्रश्न वर आहेत हे खरं, पण मी खालून सुरुवात करते. बाबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर "हो, हेच शिकायला" असं आहे, आणि ते त्यांना मनापासून सांगण्यासारखं आहे.

त्या पंचपात्रात काय चाललंय ते तुला माझ्याहून चांगलं कळेल. चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं, भांडं लखलखतं, घरातले खूश होतात. मिठातला क्लोराइड मात्र नीट धुतला गेला नाही, तर तांब्याच्या बारीक बारीक खाचांत बसून राहतो. पावसाळ्यात हवा ओली झाली की तो ओल आणि प्राणवायूला हाताशी धरून धातूला आतून खायला लागतो, आणि वर फिकट हिरवी, बोटाला पिठासारखी लागणारी भुकटी येते. म्युझियममधली माणसं याला ब्राँझचा रोग म्हणतात. जुन्या तांब्यावर एक घट्ट, गडद हिरवा थरही असतो, पण तो निराळा. तो बहुतेक वेळा धातूला सांभाळतो, त्याला हात लावायचा नसतो. दोन्ही हिरवेच. कुठलं हिरवं राहू द्यायचं आणि कुठल्यावर इलाज करायचा, हे ठरवण्यासाठी माणूस नेमलेला असतो. तुझ्या तीन वर्षांच्या रसायनशास्त्राने तुला हा फरक नुसत्या नजरेने जाणवून दिला. मग ती वर्षं फुकट कशी गेली?

(रोजच्या पूजेतलं भांडं घासायचंच असतं, त्याबद्दल आजीशी वाद घालू नकोस. पेटीतलं मात्र तसंच ठेव. काय करायचं ते शेवटी सांगते.)

म्युझियम म्हणजे इतिहास, कला आणि मराठीत ज्याला आपण 'आवड' म्हणतो ते, अशी तुझी समजूत झालेली दिसते. ती तुझ्या एकटीची नाही. मला येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्यांत तीच असते. पण प्रदर्शनाच्या दालनामागे जे दुसरं म्युझियम असतं, तिथे जाऊन बघ. तिथे जुना कागद का पिवळा पडतो आणि का तुटतो याचा विचार चालतो, आणि त्याचं उत्तर कागदातल्या आम्लात असतं. रेशमावर किती उजेड पडू द्यायचा हे मोजलं जातं. कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी साधारण पन्नास लक्स धरतात, म्हणजे आपल्या दिवाणखान्यात दुपारी असतो त्याच्या मानाने अगदी मंद उजेड. वस्तूवर क्रमांक घालणं ही एवढीशी गोष्ट, पण तिच्यातही रसायन आहे. धातूच्या किंवा चिनीमातीच्या वस्तूवर थेट शाईने लिहीत नाहीत. आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा नखाएवढा पट्टा, तो वाळला की त्यावर बारीक अक्षरात क्रमांक, वर पुन्हा एक थर. पन्नास वर्षांनी कुणाला तो काढावासा वाटला तर ॲसिटोनच्या बोळ्याने निघाला पाहिजे आणि वस्तूवर ओरखडाही राहता कामा नये. कापडावर हेच काम सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन टाक्यांनी टाचून करतात, कागदावर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने. आपण केलेलं काम पुढच्या माणसाला पुसता आलं पाहिजे, हा या धंद्याचा पहिला नियम. पहिल्यांदा शिकवला गेला तेव्हा मला तो फार आवडला होता, अजून आवडतो.

आता क्युरेटर. हा शब्द काढून टाक असं मी म्हणत नाही, पण तो जरा बाजूला ठेव. बाहेरून पाहणाऱ्याला म्युझियममध्ये क्युरेटर, गाइड आणि पहारेकरी एवढीच माणसं दिसतात. प्रत्यक्षात वस्तूंची नोंद ठेवणारा असतो, भांडार सांभाळणारा असतो, वस्तूंवर इलाज करून त्या टिकवणारा संवर्धक असतो, शाळांची पोरं आली की त्यांच्यासाठी कार्यक्रम आखणारा असतो, प्रदर्शनाची मांडणी करणारा, फोटो काढणारा, डिजिटल नोंदी करणारा असतो. लहान संस्थेत ही सगळी कामं एकाच माणसाच्या अंगावर पडतात, आणि त्याच्या पाटीवर क्युरेटर असं लिहिलेलं असतं, एवढंच.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. संस्थेचं नाव नको. मला नोंदवही जुळवायला बसवलं होतं. वहीत एकाखाली एक छत्तीस नोंदी होत्या, सगळ्या सारख्या: "पितळी मूर्ती, लहान." माप नाही, वजन नाही, कुठून आली ते नाही, फोटो तर नाहीच. कपाटात मूर्ती एकतीस. पाच गेल्या, की कधी नव्हत्याच, की दोनदा लिहिल्या गेल्या, हे सांगायला जगात कुणी उरलं नव्हतं. त्यातल्या एका गणपतीच्या पाठीवर झिजलेली अक्षरं होती. कुणीतरी वर्षानुवर्षं घासून शब्दांची आद्याक्षरं तेवढी शिल्लक ठेवली होती. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. ज्याने "पितळी मूर्ती, लहान" लिहिलं, तो माणूस आळशी असेलच असं नाही. त्याला कुणी शिकवलंच नसेल. म्युझियमचं पदव्युत्तर शिक्षण कशासाठी, असं कुणी विचारलं की मला ती वही आठवते.

म्हणून तुला माझं सांगणं असं: पदवी कुठली आणि कुठे, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, आयुष्यभर तुझ्या हाताखाली काय असलेलं तुला आवडेल? धातू, कागद, कापड, चित्रं, दगड, की वस्तूंपेक्षा त्या बघायला येणारी माणसं? याचं उत्तर घरात बसून, संकेतस्थळं चाळून मिळत नाही. ते हाताला विचारावं लागतं.

आणि तू ज्या गावात बसून हे पत्र लिहिलंस, त्या गावात हे विचारण्याची जेवढी सोय आहे तेवढी देशात फार थोड्या ठिकाणी आहे. कमाटीबागेतलं म्युझियम सयाजीरावांनी १८९४ साली उभं केलं. लहानपणी तूही देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी बघायला गेली असशीलच. आता त्याच दालनांत एकटी जा आणि वस्तूंऐवजी त्यांच्या भोवतीचं बघ. काचपेटीला फट कुठे आहे, दिवा कुठून पडतो, पाटीवर काय लिहिलंय आणि काय लिहायला हवं होतं. शेजारच्या चित्रदालनाचं बांधकाम १९०८ला सुरू झालं, १९१४ला इमारत तयार झाली, आणि महायुद्ध पेटल्यामुळे युरोपात घेतलेली चित्रं तिकडेच अडकली. दालन उघडलं १९२१ साली. इमारत सात वर्षं चित्रांची वाट बघत राहिली. एवढी चित्रं बोटीने हलवायची तर प्रत्येकाची स्थिती लिहून ठेवणारा कुणीतरी लागतोच, निघताना एकदा आणि पोचल्यावर एकदा. त्याला आज कंडिशन रिपोर्ट म्हणतात. बडोद्याच्याच अकोट्याला सापडलेल्या जैन ब्राँझमूर्ती याच म्युझियममध्ये आहेत. तुझ्या पंचपात्राचा प्रश्न त्यांच्यासमोर उभी राहून पुन्हा विचार. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, तांबेकर वाड्यात भिंतींवरची मराठ्यांच्या काळातली चित्रं आहेत, प्राच्यविद्या मंदिरात हस्तलिखितं आहेत. धातू, कॅनव्हास, चुन्याची भिंत, कागद, सगळं रिक्षाच्या अंतरावर.

शिक्षणाचंही तसंच. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये म्युझिऑलॉजीचा विभाग १९५२ पासून आहे. हा विषय शिकवायला देशात ज्यांनी सर्वात आधी सुरुवात केली, त्यांत तो येतो. बाहेरगावची मुलं वसतिगृहात राहून जिथे शिकतात, तिथे तू सायकलवर जाऊ शकतेस. "बडोद्यातच शिकू" मधला तो 'च' मला खटकला. घरच्या अंगणातली गोष्ट म्हणून ती कमी ठरत नाही.

तरीही तू तिथेच जा असं मी सरळ म्हणणार नाही, कारण तुझ्यासाठी दुसरी एक वाट जास्त जवळची असू शकते. म्युझिऑलॉजी आणि संवर्धन हे सख्खे शेजारी असले तरी घरं दोन आहेत. म्युझिऑलॉजीत संग्रह कसा जमवायचा, नोंदवायचा, मांडायचा, लोकांपर्यंत कसा न्यायचा, संस्था कशी चालवायची, हे सगळं येतं, आणि संवर्धनाची तोंडओळख होते. संवर्धनात तू स्वतः वस्तूवर काम करतेस, पांढरा कोट घालून, भिंगाखाली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९८९ साली सुरू झालेली आणि आता नोएडात असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज कलेतिहास, म्युझिऑलॉजी आणि संवर्धन असे तिन्ही विषय वेगवेगळे शिकवते. तू नोएडाचा विचार करत असशील तर त्यातल्या संवर्धनासाठी कर. म्युझिऑलॉजीसाठी एवढ्या लांब जायचं कारण मला दिसत नाही, ती तुझ्या दारात आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका करता येते. म्युझियमच्या आत बसून शिकण्याचा तो फायदा मोठा. बनारस, कोलकाता, अलीगढ इथल्या विद्यापीठांतही हा विषय जुना आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी हलतात, तेव्हा माहितीपत्रक यंदाचंच बघ, ओळखीच्या ताईने तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं धरून बसू नकोस.

आणि बाबांची एम.एस्सी.? तिला तू शत्रू समजून बसली आहेस. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची एक विज्ञान शाखा आहे, मुख्यालय डेहराडूनला. पुरातत्त्वासाठी रसायनज्ञ नेमण्याची पद्धत तिथे १९१७ पासून आहे. लेण्यांतली चित्रं, देवळांचे दगड, उत्खननात निघालेला धातू, यांची तपासणी आणि साफसफाई ही शाखा करते. तिथल्या वरच्या पदांच्या जाहिरातीत चक्क रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मागतात. लखनऊला संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, १९७६ सालापासून. ती संशोधनही करते आणि प्रशिक्षणही देते. म्हणजे बाबा ज्या दाराकडे बोट दाखवताहेत, त्याच्या आतूनही तुझ्या खोलीत जाता येतं. हे त्यांना ठाऊक नसेल, तुलाही नव्हतं. आज रात्री जेवताना दोघांनी मिळून यावर बोला.

इंग्लंडबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तिकडचं शिक्षण उत्तम आहे, यात शंका नाही. लेस्टरला म्युझियम अभ्यासाचा विभाग १९६६ पासून आहे आणि जगभरची माणसं तिथे शिकून गेली आहेत. पण तो बहुधा एका वर्षाचा अभ्यास, डोक्यावर लाखांचं कर्ज, आणि परत आल्यावर इथल्या सुरुवातीच्या पगारात त्याचा हप्ता. "तिकडच्या पदवीला भाव असतो" हे कुणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याने कर्ज काढलं होतं का, हे विचार. जायचंच असेल तर आधी इथे दोन-तीन वर्षं काम कर. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, आणि चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट वारसा-संवर्धनात काम करणाऱ्या भारतीयांना ब्रिटनमध्ये शिकायला मदत करतो. कर्ज काढून बावीसाव्या वर्षी जाण्यापेक्षा, अनुभव गाठीला बांधून दुसऱ्याच्या पैशाने सव्विसाव्या वर्षी गेलीस तर काय विचारायचं हेही तुला कळलेलं असेल.

बाबांची भीती खोटी नाही, हे मला तुला सांगायलाच हवं. या क्षेत्रात जागा कमी आहेत. सरकारी पदं निघतात, पण कधी निघतील ते सांगता येत नाही. बऱ्याच नेमणुका कराराच्या असतात, अकरा महिन्यांच्या. मी तुला "आवड असली की पैसा आपोआप येतो" असलं काही सांगणार नाही. तुझ्या हातात आहे ते कर. गेल्या काही वर्षांतल्या निदान दहा जाहिराती गोळा कर: केंद्रीय लोकसेवा आयोग, गुजरात आणि महाराष्ट्राचे पुरातत्त्व-संग्रहालय विभाग, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग, आणि खासगी संस्था. एका कागदावर पद, पदवी, अनुभव आणि पगार असे चार रकाने आख. बऱ्याच ठिकाणी नुसती म्युझिऑलॉजी पुरत नाही, एखाद्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि वर कामाचा अनुभव मागतात, हे तुझ्या लक्षात येईल. कुठली पदवी घ्यायची ते ही जाहिरात सांगते, शेजारची काकू नाही. तो कागद बाबांसमोर ठेव. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस आकड्यांशी बोलतो, तुझ्या 'आवडी'शी कसं बोलायचं हे त्याला कळत नसेल. आणि यूजीसी-नेटमध्ये म्युझिऑलॉजी आणि संवर्धन असा स्वतंत्र विषय आहे, शिकवण्याची आणि संशोधनाची वाट तिथून उघडते, तेही त्या कागदाच्या खाली लिही.

खासगीकडे दुर्लक्ष करू नकोस. शेजारी अहमदाबादला कॅलिको म्युझियम कापडासाठी आणि वेचार भांड्यांसाठी आहे. भांड्यांचं अख्खं म्युझियम! पंचपात्रवालीने ते बघितलंच पाहिजे. भूजला २०२२ साली भूकंपाचं स्मृतिवन उभं राहिलं, बंगळूरला चित्र-छायाचित्रांचं नवं म्युझियम २०२३ साली उघडलं. कामाची माणसं त्यांना लागतात, आणि तिथे हाताला काय येतं हे पदवीच्या आधी विचारलं जातं.

तुझ्याकडे अजून एक भांडवल आहे, त्याची तुला कल्पना नसावी. तू बडोद्यातली मराठी आहेस. गायकवाडी कारभाराचे कागद मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीत आहेत, ते इथल्या अभिलेखागारात आहेत आणि कित्येक वाड्यांच्या माळ्यावरही आहेत. मोडी वाचणारा आणि कागदाचं रसायन समजणारा, असा एकच माणूस शोधायला निघालं तर पायाचे तुकडे पडतील. मोडी शिकायला तीन-चार महिने रोज अर्धा तास पुरतो. पुढे घसटीची, म्हणजे भरभर ओढून लिहिलेली, अक्षरं लागायला वर्ष जातं, ते जाऊ दे.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तुमच्याकडे किती आलं होतं ठाऊक नाही. मला एका ओळखीच्या घरून फोन आला. तळमजल्यावरच्या कपाटात मोडी कागदांचं दप्तर होतं, लाल फडक्यात बांधलेलं, आणि सगळ्याचा एक गोळा झाला होता. घरातल्या सूनबाई ते गच्चीवर उन्हात टाकायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांब. भर उन्हात भिजलेला कागद आखडतो, वेडावाकडा होतो, आणि आतल्या ओल्या थरांना दोन दिवसांत बुरशी धरते. जे कागद सहज सुटले ते आम्ही हॉलमध्ये टीपकागदावर, पंख्याच्या वाऱ्याला पसरले. जे सुटेनात ते प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवले. त्यासाठी त्या माउलीने आमरसाचे डबे बाहेर काढून शेजारीपाजारी वाटून टाकले. गोठलेल्या कागदाला बुरशी चढत नाही, आपल्याला दिवस मिळतात. पुढे महिनाभर रोज चार-चार पानं काढून ती सोडवत बसली. कॉमर्स झालेली बाई. फडक्याचा लाल रंग कडेच्या पानांत उतरला तो उतरलाच, पण मजकूर बहुतेक वाचला. हे काम करताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तुझ्या चेहऱ्यावर येतं का, हे तुला बघायचं आहे.

तेव्हा निर्णय आत्ता करू नकोस, अर्ज मात्र सगळीकडे करून ठेव: इथली म्युझिऑलॉजी, इथलीच एम.एस्सी., नोएडाचं संवर्धन. मधल्या काळात सहा आठवडे कुठल्यातरी संग्रहात काम माग. पगार मागू नकोस, पण प्रमाणपत्र आणि कामाचं स्वरूप लिहून माग. "काहीही करीन" असं अर्जात लिहू नकोस, कुणालाच त्याचं काय करायचं ते सुचत नाही. "मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, धातूच्या वस्तूंच्या नोंदी, मापं आणि फोटो यांत मदत करू शकते, आठवड्याला तीन दिवस येईन" असं लिही. सहा आठवड्यांनी तू भिंगाखालून मान वर काढायला तयार नसशील तर संवर्धन. नोएडाला जागा नाही मिळाली तर इथे एम.एस्सी. कर, सुट्टीत प्रयोगशाळांत शिक, आणि संवर्धनाकडे दुसऱ्या दाराने ये. आणि जर शाळेच्या पोरांना मूर्ती दाखवताना तुझा आवाज चढत असेल, पाट्या पुन्हा लिहाव्याशा वाटत असतील, तर फाइन आर्ट्सचा तो विभाग तुझा. पत्रावरून माझा कौल संवर्धनाकडे आहे. पण मी फक्त पत्र वाचलंय.

इतिहास किंवा पुरातत्त्व शिकलेल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी एवढंच: तुमच्याकडे विषय आहे, हाताचं काम शिका. कला शाखेतल्या, चित्रकलेतल्या मुलांकडे हात आहे, त्यांनी नोंद आणि भाषा शिकावी. आणि तिशी उलटून गेलेल्या ज्या दोघी-तिघी मला दरवेळी विचारतात, त्यांनी नोकरी न सोडता पदविकेपासून सुरुवात करावी. शिकवणं, हिशेब, फोटोग्राफी, संगणक, यातलं जे येतं ते लहान म्युझियमला हवंच असतं.

आता घरचा अभ्यास. आजीच्या पेटीत किती वस्तू आहेत? तीस धर. एक जाड पानांची वही घे. पहिला क्रमांक, वर्षाचा आकडा आणि पुढे एक, दोन, तीन. प्रत्येक वस्तूला एक पान: काय आहे, कशाची आहे, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वजन, कुठे पोचा, कुठे डाग, कुठे अक्षरं. फोटो खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, पुढून, मागून आणि तळाचा. मग, ही कुणाची, कुठून आली, घरात तिला काय म्हणत. या शेवटच्या ओळी फक्त आजी सांगू शकते, त्यामुळे वहीला उशीर चालणार नाही. वस्तूंवर काही चिकटवू नकोस, क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांध. ही वही पूर्ण झाली की अर्जाला जोड. गुणपत्रिका सगळ्यांकडे असते.

पंचपात्र धुऊ नकोस. भुकटी कोरड्या मऊ ब्रशने, तोंडाला फडकं बांधून, कागदावर झाड, आणि ते घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव. डबा पेटीतल्या इतर तांब्या-पितळेपासून वेगळा ठेव. दर पंधरा दिवसांनी उघडून फोटो काढ आणि तारीख लिही. हिरवं पुन्हा आलं तर मला कळव. तसं झालं तर ते प्रयोगशाळेचं काम आहे, तिथे बेन्झोट्रायझोल वगैरे वापरतात, घरी प्रयोग नको.

आजी दुपारी झोपून उठली की चहा घेऊन बस तिच्यापाशी. पंचपात्रापासून सुरू करू नकोस, त्यावरून घरात हसू झालंय. पेटीचं झाकण उघडून ठेव आणि विचार, ही पेटी कुणाच्या लग्नातली.